हवालदाराचं अंथरूण

मित्रांनो, माझं तोंड पांढरं झालं आहे आणि मागचे पाय हल्ली माझं ऐकत नाहीत. मी एक जुना कुत्रा आहे. घरात आलेली प्रत्येक पिशवी हुंगून तपासायची ही माझी लहानपणापासूनची सवय, म्हणून आईंनी माझं नाव हवालदार ठेवलं.

बाबा सुतार. पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. तिथल्या भुशात लोळून मी मोठा झालो. रात्री दारावर मी असे. चोर कधी आला नाही. त्याचं श्रेय आई मलाच देत.

मग आई आजारी पडल्या. बाबांनी टेप काढली, मापं घेतली आणि त्यांना उठायला सोपा जाईल असा उंच पलंग केला. त्यावर नवी गादी आली. काही महिन्यांनी आईंना त्या पलंगावरून उचलून नेलं. त्या परत आल्या नाहीत. पलंग सुटा झाला, फळ्या भिंतीला लागल्या. तेव्हापासून टेप दिसली की माझे कान उभे राहतात.

आणि एका दुपारी बाबांनी ती टेप माझ्या अंगाला लावली. मी एक डोळा उघडून पाहिलं. म्हटलं, आता आपली पाळी.

आधी ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, दुकानातून एक गोल फुगीर गादी आणली. मी तिच्यावर एक पाय ठेवला. तो इतका आत रुतला की काढता काढता दम लागला. मी गुपचूप फरशीवर जाऊन पडलो. "एवढी मऊ आणली, तरी साहेबांचं नाक वर," ताई म्हणाली.

मग बाबांनी स्वतः केलं. बुटकी लाकडी चौकट, आत घट्ट फोम. मी हुंगून पाहिलं. फळ्या आईंच्या पलंगाच्या होत्या. माझा संशय पक्का झाला. मी जागचा हललो नाही.

बाबांना वाटलं, कड उंच झाली. त्यांनी ती समोरून कापली. वाटलं, दाराचा वारा लागत असेल. चौकट आत सरकवली. मग लक्षात आलं की मी मुटकुळं करून झोपलो असतानाच त्यांनी माप घेतलं होतं. ताईला हसू आवरेना. "जन्मभर दारं-खिडक्या मोजल्या ना बाबा, त्या कुठे पाय पसरतात." बाबांनी लांबीला एक तुकडा जोडला.

मी तरीही फरशीवरच. सकाळी अंग इतकं आखडे की बाबांना पोटाखाली हात घालून उठवावं लागे. ताई म्हणाली, त्याचा नाद सोडा आता. बाबा माझ्याजवळ खाली बसले आणि मला म्हणाले,

"तुझ्या आईला रोज विचारायचो. रोज म्हणायची, बरं आहे. पाठ सोलवटली तेव्हा कळलं, गादी टोचत होती. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. तू निदान तोंडावर नाही म्हणतोस. म्हणत राहा. मी करत राहीन."

एवढं बोलून ते स्वतःच त्या चौकटीत आडवे झाले. गुडघे पोटाशी घेतले आणि कुठे टोचतं ते पाठीने चाचपू लागले.

त्या फळ्यांवर आता बाबा! मी उठलो. कोणी हात न लावता उठलो. जाऊन त्यांची बाही दातात धरली आणि ओढली. बाबांना वाटलं, मी माझी जागा मागतोय. ते हसले. आई गेल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. ते बाजूला झाले, आणि त्यांनी पुन्हा तिथे झोपू नये म्हणून मी पटकन जागा अडवून बसलो.

बसलो, मग पडलो, मग पाय पसरले. पाय दुखले नाहीत.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या जिवाला नुसतं "बरं आहे ना?" विचारून थांबू नका. त्याच्या अंथरुणावर एकदा स्वतः आडवे होऊन बघा. बाबा आता रोज माझी गादी हाताने दाबून पाहतात. तोवर मी त्यांच्या खिशातल्या टेपवर लक्ष ठेवतो.