सातवी ओळ

सातव्या ओळीत तिनं मुद्दाम चूक केली, ती पुरेशी लपली आहे ना हे दोनदा पाहिलं आणि मगच उत्तर पाठवलं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या एका पदानं तिनं सरळ भागून टाकलं होतं. ते पद शून्य असू शकतं आणि शून्यानं भागता येत नाही, एवढंच लिहायचं तिनं टाळलं होतं. बाकी सिद्धता अशी नेटकी की वाचणाऱ्यानं मान डोलवावी.

राग नुसता उसळत होता. गणिताच्या त्या संकेतस्थळावर विचारलेला प्रश्न तिनंच काढलेल्या पेपरातला होता, शब्दन् शब्द. वर्गाला घरी सोडवायला दिलेल्या पेपरातला तिसरा, सगळ्यात अवघड. कुणाला विचारायचं नाही, ही एकच अट होती. ती मोडेल त्याचं नाव समितीकडे जाईल आणि त्याचं वर्ष बुडेल, हा नियम विभागात तिनंच भांडून करून घेतला होता. आणि इथे कुणीतरी 'अडला हरी' असं टोपणनाव घेऊन खुशाल जगाकडे हात पसरत होता, 'खूप प्रयत्न केला. पुढे जाता येत नाही. कृपया मदत करा.'

"अडला हरी म्हटल्यावर उत्तर देणारं गाढव तू," चहा पुढ्यात ठेवत नवरा म्हणाला.

"गाढवाची लाथ बसायचीय अजून त्याला."

"अगं, पोर असेल कुणाचं तरी. वर्ष जाईल त्याचं."

"जाऊ दे की मग!"

त्या संकेतस्थळावर तिच्या शब्दाला वजन होतं. तिथे ती 'खडू' या नावानं लिहायची आणि खडूचं उत्तर लोक डोळे मिटून उतरवून घ्यायचे. सापळा तिनं त्याच भरवशावर लावला होता. थोड्याच वेळात अडल्या हरीचं उत्तर आलं, 'फार फार आभारी आहे. डोक्यावरचं ओझं उतरलं.' तिनं ते वाचलं आणि संकेतस्थळ बंद केलं. चहा निवून गेला होता.

पेपर हातात आले त्या दिवशी तिनं विभागातल्या आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि प्रत्येक पेपरात थेट तिसरा प्रश्न काढला. कुणी तो प्रश्न कोराच सोडला होता, कुणी चार ओळी लिहून माघार घेतली होती. सातवी ओळ कुठेच नव्हती. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं मात्र पानंच्या पानं भरली होती. खाडाखोड, बाण, समासात गिचमिड, आणि शेवटी ते पद शून्य असेल तर काय, याचा वेगळा विचार. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर होतं, अगदी चोख. तिला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली, कारण चोर काही सापडला नव्हता.

एवढ्यात दार ढकलून विभागप्रमुख आत आले. तिला गणित शिकवलं ते यांनीच, त्यामुळे ती स्वतः प्राध्यापक झाली तरी तिच्या तोंडी ते 'सर'च राहिले होते. विभागाची जुनी पद्धत होती: पेपर एकानं काढायचा आणि काढणाऱ्याला अवाक्षर न विचारता दुसऱ्यानं तो सोडवायचा. ती सोडवणूक म्हणजे तपासणीची मोजपट्टी. यंदा सोडवायचं काम सरांकडे होतं.

"घे, तुझी उत्तरं," पाकीट टेबलावर ठेवत ते म्हणाले. "तिसऱ्यानं घाम काढला हं माझा."

"अवघडच होता, सर."

"पेपर माझ्याकडे जमा झाले तेव्हा चाळले मी. त्या मुलीनं केवढं पाल्हाळ लावलंय! शून्याची भानगड हवी कशाला? तिसऱ्याला एक गुण दे, पुरे."

"तेवढ्यानं ती नापास होते, सर."

"होऊ दे. उत्तर कसं आटोपशीर हवं. माझं बघ."

तिनं पाकीट उघडलं. सरांचं अक्षर अजून तसंच होतं, मोत्यासारखं. तिसरा प्रश्न. पहिली ओळ तिचीच होती. तरी ती एकेक ओळ वाचत सातवीपर्यंत गेली. सरांनी तिथे 'उघडच आहे' असंसुद्धा लिहिलं होतं, तिनं लिहिलं होतं तसंच.

"काय झालं?"

तिनं कागद त्यांच्याकडे वळवला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "ज्यानं भागलंय, ते शून्य असलं तर?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्या मुलीचा पेपर ओढून घेतला आणि शेवटचं पान वाचायला लागले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वर न बघताच ते म्हणाले, "मला सुचलंच नाही गं. कितीतरी दिवस बसलो. हल्ली सुचतच नाही. तुला विचारायचं नाही, म्हणून मग..."

"माहीत आहे, सर. ते उत्तर माझं होतं."

सर बघतच राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा निवळला, सुटका झाल्यासारखा.

"खडू म्हणजे तू? हात्तिच्या! मग घाईत लिहिलं असशील. होतं असं. माणूस आहे, चुकायचाच."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सरांनी स्वतःच वाट काढून दिली होती, आणि ती खोटी आहे हे कुणालाही कधी कळलं नसतं.

"घाईत नाही, सर," ती म्हणाली. "मुद्दाम."

सरांनी आपला कागद उचलला, त्याची शांतपणे घडी घातली आणि खिशात ठेवला. मुलीचा पेपर तिच्यापुढे सरकवला.

"हिला पूर्ण गुण दे."

"हो, सर."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. कडीवर हात ठेवून, पाठमोरेच उभे राहिले.

"आणि समितीकडे नाव कुणाचं द्यायचं? विचारलं त्याचं, की सांगितलं तिचं?"