दोन कुलपांची पेटी

मी मतपेटी बोलतेय. जरा जवळ या, पण माझ्यावर कोपर टेकू नका. कोण कशासाठी टेकतंय, अशी मला लगेच शंका येते. माझा जन्मच संशयातून झाला, त्याला मी तरी काय करणार?

आमच्या भागातल्या वादकांनी संघटना काढायचं ठरवलं, तेव्हाची ही गोष्ट. हॉटेलात, नाटकगृहात, सर्कशीत वाजवणारी ही माणसं. रात्रभर दुसऱ्यांना नाचवायचं आणि स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्यानं जेवायचं, असा रिवाज होता. मालकाच्या मनात आलं की आज आहे तो उद्या नाही. पहिल्या सभेत संघटना हवी की नको, हे हात वर करून ठरलं. दुसऱ्याच दिवशी, ज्यांचे हात सगळ्यांत आधी वर गेले होते त्यांना मोठ्या नाटकगृहाच्या मॅनेजरनं घरी बसवलं.

मग पुढची सभा भरली ती वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दुकानात. त्याच्याकडे एक मोडीत निघालेला पियानो होता. त्याचं झाकण कापून त्यानं मला घडवलं, वर पितळेची पट्टी बसवून चिठ्ठीपुरती फट ठेवली. आता कुणी हात वर करायला नको, चिठ्ठी टाकावी आणि मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं.

प्रश्न आला किल्लीचा. ती ठेवायची कुणाकडे? सकाळ सगळी या वादात गेली. शेवटी मला दोन कुलपं लागली. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी चिटणीसबाईंकडे. एकमेकांच्या भरवशावर उभं राहायला जमलेल्या माणसांनी पहिलं काम केलं ते हे. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, या मंडळींवर नजर ठेवायला हवी.

अध्यक्ष होते एक ट्रम्पेटवाले. आवाज असा की त्यांनी कुजबुज केली तरी रस्त्यावर ऐकू जावी. सगळे पाठीमागे त्यांना 'भोंगा' म्हणत. माणूस मनानं मोकळा, संघटनेसाठी जीव टाकणारा. चिटणीस होत्या व्हायोलिन वाजवणाऱ्या ताई. बोलणं मोजकं, नजर सुरीसारखी. आणि तिसरा, ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतेय, तो डबल बास वाजवायचा. ते माणसाहून उंच वाद्य मिठी मारल्यासारखं धरून उभा राहायचा आणि सभेत चकार शब्द बोलायचा नाही. त्याला नावच पडलं 'मौनी'.

संघटनेनं भाड्याची खोली घेतली. खाली सलून, वर आम्ही. सभा सकाळी भरायच्या, कारण रात्री सगळे कामावर. जांभया देत यायचे, पण मत द्यायची वेळ आली की टक्क जागे. व्हायोलिनवाले चिठ्ठीची इतकी बारीक घडी घालायचे की ती उलगडताना ताईंना नखं लागत. ड्रमवाला आधी माझ्या पाठीवर ठेका धरायचा. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, चिठ्ठी टाकताना शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायचा. मौनी तेवढा समोर बघायचा. मला तेही संशयास्पद वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

काही वर्षं बरी गेली. वादकांना बसून जेवायला टेबल मिळालं, रंगमंचामागे कपडे बदलायला खोली मिळाली. मग मोठ्या नाटकगृहात तबकड्या वाजवणारं यंत्र आलं. मॅनेजरनं सांगितलं, आता निम्मे वादक पुरेत. संघटनेनं संप पुकारला.

आणि तिथून नाट लागला. आमचे लोक पुढच्या दरवाजाशी बसायचं ठरवत, तर मॅनेजर प्रेक्षकांना बाजूच्या दरवाजानं घेई. बाजूचा दरवाजा अडवायचं ठरलं, तर तिथे आधीच पहारेकरी. सभेतली गोष्ट दुपारपर्यंत त्याच्या कानावर गेलेली असायची. आमच्यात कुणीतरी फितूर होता.

त्या दिवसांत खोलीचा रागरंगच पालटला. माणसं भिंतीला पाठ लावून बसू लागली. क्लॅरिनेटवाल्यानं नवे बूट घेतले तर ते कुठून आले याची चौकशी झाली. सासऱ्यानं दिले, असं तो सांगत राहिला, पण त्यानं ते बूट पुन्हा घातले नाहीत. दोघे जण जिन्यात बोलत उभे दिसले की तिसरा खोकून वर यायचा. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. इथे तर माणसं पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली होती.

मग कुणीतरी बातमी आणली. मौनी दर रविवारी मॅनेजरच्या घरी जातो. मागच्या फाटकानं आत शिरतो आणि बऱ्याच वेळानं बाहेर पडतो. एकानं नाही, तिघांनी पाहिलेलं.

सभा बोलावली. अध्यक्षांनी आवाज चढवून जाब विचारला. मौनी उभा राहिला आणि गप्प. शेवटी ताई म्हणाल्या, "अरे, नाही म्हण. एवढं एक म्हण, म्हणजे मी तुझ्या बाजूनं बोलते."

"जातो, हे खरं आहे," तो म्हणाला. "कशाला जातो ते सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"मॅनेजरला?"

"हो."

 आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती. मला टेबलावर ठेवलं. चिठ्ठ्या पडल्या, दोन किल्ल्या फिरल्या, आणि मौनी संघटनेबाहेर गेला. तो अवजड बास त्यानं त्या अरुंद जिन्यावरून एकट्यानं उतरवला. एरवी दोघे-तिघे हात लावायला धावत. त्या दिवशी सगळे खिडकीबाहेर बघत होते. वाद्य कठड्याला आपटलं तेव्हा त्याच्या तारांचा आवाज वरपर्यंत आला.

आता तरी बातम्या थांबतील, असं सगळ्यांना वाटलं. थांबल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ताई खालच्या सलूनमध्ये सुटे पैसे मागायला गेल्या. सलूनवाला कात्री चालवता चालवता म्हणाला, "उद्या नदीच्या पुलावरून मोर्चा नेताय ना ताई? ऊन फार असतं तिथे, टोप्या घाला." ही गोष्ट सकाळीच सभेत ठरली होती. त्याला कुणी सांगितली, असं ताईंनी विचारलं. तो सहज म्हणाला, तुमच्या अध्यक्षांनी, दाढी करताना. ते तर सगळंच सांगतात. आणि त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर कोण बसतं? मॅनेजर. रोज दुपारी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सलूनवाला मॅनेजरला भोळेपणानं सांगत होता की आणखी कशानं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. ताईंनी त्याला ते विचारलंच नाही. त्या तडक वर आल्या, सगळ्यांना पुन्हा बोलावून घेतलं आणि भर सभेत अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. ते ऐकत असताना अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी पैशासाठी काही केलं नव्हतं. त्यांना फक्त कुणीतरी कौतुकानं ऐकलेलं आवडायचं. त्यांनी खिशातून आपली किल्ली काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. "माझंच चुकलं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज खोलीच्या आत राहिलेला ऐकला.

"मग मौनी कशाला जात होता तिथे?" ड्रमवाल्यानं विचारलं.

उत्तर काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी जिना चढून आलं. मॅनेजर दारात उभा होता, दाढी वाढलेली, टोपी हातात. सगळे सावध झाले. यात काय डाव आहे, असं मलाही वाटलं. त्यानं सांगितलं, माझे वडील सकाळी गेले. मग बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

"ते सर्कशीच्या बँडमध्ये बास वाजवायचे," तो म्हणाला. "मी हे कुणाला कळू दिलं नाही. मला लाज वाटायची. तुमचा तो माणूस त्यांचा शिष्य. वडील अंथरुणाला खिळल्यावर दर रविवारी येऊन त्यांची दाढी करायचा, त्यांना वाजवून दाखवायचा. बोलणार नाहीस अशी शपथ मीच घातली होती. त्याला तुम्ही काढलंत ते मला कळलं होतं. तरी मी गप्प बसलो."

वडिलांची इच्छा होती की त्यांना वादकांनी निरोप द्यावा. संप चालू असताना आमची माणसं अंत्ययात्रेला गेली, वाजवत गेली. मॅनेजरसाठी नव्हे, सर्कशीतल्या त्या वादकासाठी. पुढे बोलणी झाली. यंत्र राहिलं, पण वादकही राहिले. सगळे नव्हे, बरेचसे.

मौनीला आणायला ताई आणि माजी अध्यक्ष त्याच्या घरी गेले. दोघांनी माफी मागितली. तो म्हणाला, मतानं काढलंत, मतानं घ्या. पुन्हा मी टेबलावर आले. एकही चिठ्ठी त्याच्याविरुद्ध पडली नाही. तो परत आला, पुन्हा त्याच कोपऱ्यात बसू लागला.

पण त्यानंतर मरेपर्यंत त्यानं एकदाही चिठ्ठीची घडी घातली नाही. प्रत्येक मतदानाला उघडी चिठ्ठी हातात धरून यायचा, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तशीच सरळ माझ्यात सोडायचा. लोक खाली बघायचे. ज्या गुप्ततेसाठी मला घडवलं होतं, ती त्यानं माझ्याकडे कधीच मागितली नाही. ते माझ्या लाकडाला लागलं ते लागलंच.

आता ती सगळी माणसं गेली. संघटना आहे. मतदान फोनवर होतं. मी कपाटावर पडून असते, अंगावर तुटक्या तारा आणि कुणीतरी विसरलेला चहाचा कप.

आज मात्र मला खाली काढून पुसलंय. संघटनेत आता गाणारेही आहेत, त्यातल्या एका गायिकेवर आळ आहे. गाणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला तिनं म्हणे आपला आवाज दिला, आणि आता तो आवाज बाकीच्यांच्या पोटावर पाय देतोय. फोनवरच्या मतदानावर कुणाचा भरवसा नाही, म्हणून माझी आठवण झाली. एक किल्ली हरवली आहे. कुलूप तोडायला माणूस आलाय.

तिनं खरंच दिला असेल. नसेलही. मी काही तिची हमी देत नाही. संशय माझ्या हाडीमासी आहे. घडी घाला, चिठ्ठी लपवा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त त्याआधी तुमच्यापैकी एकानं उठावं आणि तिला आत बोलवावं, खुर्ची द्यावी. आणि ती गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला घाईनं नाव देऊ नये.

मघापासून ती बाहेर जिन्यावर बसली आहे. तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.