पाठ केलेला हत्ती

माझी बहीण बसमध्ये कंडक्टर आहे. तिचा आवाज मागच्या बसपर्यंत जातो, आणि तिला एकदा काही सुचलं की त्या गाडीला ब्रेक नसतो. तर हा सगळा घोळ तिचा. मी आपला सोबतीला होतो.

माझी पोरगी एका जागी ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. डोकं लख्ख. मी सोफे शिवतो. दुकानात कुठल्या गिऱ्हाइकाचं कापड कुठलं, कुणी निळा सांगून ऐन वेळी तपकिरी केला, सगळं तिला तोंडपाठ. पण पुस्तक उघडलं की घोडं अडलंच. अक्षरं हलतात म्हणते. घ आणि ध तर तिला जुळे भाऊच, दारात कोण उभा आहे ते कळतच नाही. वर्गात तिला आळशी ठरवून टाकलं होतं. मग छोट्या खोलीतल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "आळस नाही हो हा. काही मुलांना वाचणं असंच अवघड जातं. त्यांना वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं."

ही छोटी खोली म्हणजे शाळेची पूर्वी चेंडू आणि जाळ्या ठेवायची जागा. अजून रबराचा वास येतो. तिथं अशी पोरं रोज थोडा वेळ बसतात. वाळूच्या ताटात बोटानं अक्षर काढायचं. शब्दाचे तुकडे करून टेबलावर टिचक्या मारत बोलायचे. एका काळ्या पुठ्ठ्याला खिडकी पाडलीय, ती ओळीवर सरकवत वाचायचं, म्हणजे बाकीच्या ओळी मधे लुडबुडत नाहीत. मखमलीची अक्षरं मीच कापून दिली, हात फिरवून ओळखायला. या खोलीत जायला लागली आणि पोरीचं रोज सकाळी पोट दुखायचं, ते थांबलं. डॉक्टरला जमलं नव्हतं ते.

मग खबर आली. भागातल्या अशा सगळ्या खोल्यांची पाहणी होणार. वरच्या कचेरीतून एक मॅडम येणार, पोरांचं वाचन ऐकणार, आईबापांशी बोलणार, आणि मग ठरणार कुठली खोली ठेवायची आणि कुठली हलवायची.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बहीण मात्र चहा फुंकत बसली होती.

"सोपं आहे रे दादा. माल चांगला दिसला तर दुकान कोण बंद करतं?"

"कसला माल?"

"अरे, पोरगी फाडफाड वाचली पाहिजे."

"फाडफाड वाचत असती तर खोली कशाला लागली असती?"

"तू गाद्याच शिव," ती म्हणाली. आणि मी शिवत बसलो.

बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपल्या आवडीचं पान वाचायचं. भिंगरीनं हत्तीच्या आंघोळीचं घेतलं. ड्युटी संपली की आत्याबाई दुकानात हजर. स्प्रिंगा निघालेल्या कोचावर बसून ती पान वाचायची, पोरगी मागून म्हणायची. दोनदा ऐकलं की पाठ. मग पुढची तालीम. बोट कुठं सरकवायचं, पान कधी उलटायचं.

"मधे एकदा अडखळ," आत्या म्हणाली. "नाहीतर संशय येईल."

"कुठल्या शब्दाला गं, आत्या?"

"सोंडेला अडखळ. तेवढी लांब आहे, अडखळायलाच केलीय."

एवढ्यावर थांबेल तर ती माझी बहीण कसली! खोलीतल्या बाकीच्या पोरांच्या आयांनाही तिनं हीच युक्ती दिली. बाईंना तेवढं कुणी कळू दिलं नाही. बाई सरळ बाई. उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर?

पाहणीच्या दिवशी मॅडम आल्या. हसऱ्या होत्या. पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या, तर गुडघे हनुवटीला लागले. एकेक पोर उठलं आणि घडाघडा वाचून बसलं. शेवटी भिंगरी. तिचा हत्ती ऐटीत नदीत शिरला, सोंडेपाशी बरोब्बर अडखळला आणि न्हाऊन बाहेर आला. मागे आत्याचे ओठ हलत होते. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "वा! बाई, इथलं काम फत्ते झालं म्हणायचं."

"म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे या मुलांना आता या खोलीची गरज उरली नाही. पलीकडच्या शाळेत मुलं कधीची खोळंबलीत. खोली तिकडं हलवू. अभिनंदन तुमचं!"

घ्या! आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा.

आत्या ताडकन उठली. "अहो मॅडम, हिला कुठं वाचता येतं!"

"आत्ता तर वाचलं."

"पाठ केलंय ते! मी घोकून घेतलं. सगळ्यांचंच पाठ आहे. या दादाला विचारा." मी मान हलवली. "तिला काही म्हणजे काही येत नाही. ढ आहे हो पोरगी, पार ढ!"

शेवटचा स्टॉप आल्यावर ओरडते तशी ओरडली. भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, आता गेलं सगळं. खोली गेली ती गेली, उद्यापासून पोटदुखी परत.

"मी ढ नाही," भिंगरी म्हणाली. "मला येतं वाचता. हळू येतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पाठ नसलेलं वाचशील?"

पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. दाराशी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलं होतं, त्यावर सूचना छापलेल्या. "ते वाचते."

मी ते उतरवून दिलं. ती पुठ्ठा घेऊन जमिनीवर बसली. नळकांडं गोल, पुठ्ठा सरळ, खिडकी काही बसेना. मॅडम खुर्चीतून उतरल्या आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून धरला.

"आ...ग. आग." टिचकी. "ला...ग..." टिचकी. "ल्यास. लागल्यास." नाकावर घाम. आत्या तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिचं कोपर दाबलं. "धा...ब...रू. धाबरू?" ती थांबली. बोट मागं नेलं. "नाही. घाबरू. घाबरू नका. पि...न. पिन ओ...ढा." आणि पोरीचा हात पिनेकडं.

"ए, नुसतं वाचायचं!" मॅडम किंचाळल्या, आणि सगळी खोली हसली.

मॅडम बाईंकडं वळल्या. "सुरुवातीला कशी होती ही?"

"पहिल्या अक्षराला रडायची," बाई म्हणाल्या. "आता चुकते, थांबते, आणि आपणच मागं जाऊन दुरुस्त करते."

"मग हे अर्ध्यावर सोडून खोली हलवायची कशी? हत्ती ऐकून मला एवढंच कळलं, की पोरीची आठवण दांडगी आहे. खोली इथंच राहील, तसं लिहून देते मी. पलीकडच्या मुलांसाठी वेगळी मागू, त्यासाठी भांडेन. आता सगळ्यांनी पाठ नसलेलं वाचायचं."

आत्या हळूच पोरीजवळ गेली. "भिंगरे, ढ म्हणाले ते मागं घेते."

"हो, पण आत्या, तू सरक ना. तुझी सावली पडतेय. अजून खालच्या ओळी राहिल्यात."

आत्या सरकली. मॅडमनी मांडी घातली आणि पुठ्ठा पुन्हा नीट धरला.

"न...ळी..." पोरगी म्हणाली. आम्ही वाट बघत बसलो. घाई कुणालाच नव्हती.