वाइवाबाईंनी घातलेले डूल

वाइवाबाईंच्या वहीची गावाने वर्षभर चेष्टा केली. अत-बाशीच्या खोऱ्यात लिथुआनियाहून गणित शिकवायला आलेली ही पन्नाशीची बाई, दिसेल ते टिपून घ्यायची. नान पालथा ठेवायचा नाही, लिहिलं. उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, लिहिलं. शेजारचा म्हातारा तर बाई दिसल्या की मुद्दाम शिंकायचा आणि म्हणायचा, "घ्या, हेही लिहा!" परत गेल्यावर बाईंना त्यांच्या संस्थेत 'परक्यांत मिसळताना' या विषयावर भाषण द्यायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी त्याचं शेवटचं वाक्यही लिहून टाकलं: 'वर्षभरात मी यांच्यातलीच एक झाले.' वाक्य फार आवडलं, म्हणून खाली रेघ मारली. शिकलेल्या माणसांना रेघ मारायची भारी घाई!

बाहेर अंगणात कालमुरातने मेंढी कापली होती. बाई वर्षभर ज्याच्या घरी राहिल्या तो हा मेंढपाळ. मनाचा मोठा, पण डोक्यात एक शिरलं की दुसरं शिरायचं नाही. बायको बुरुलचा कमी बोलायची. मुलगी पेरिझात अठरा वर्षांची आणि गणितात अशी तल्लख की राजधानीत, बिश्केकच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती. अर्ज बाईंनीच भरला होता. तिला पाठवा म्हणून वर्षभर कालमुरातच्या मागे लागल्या होत्या. तो मात्र 'बघू' वरून हलायला तयार नव्हता.

मागच्या रविवारी कालमुरातचे भाऊ आणि भावजया चहाला जमल्या असताना बाईंनी पेरिझातसाठी आणलेले चांदीचे डूल काढले. त्या डबी पुढे करणार तोच बुरुलचा म्हणाली, "डबी काय देता अहो? तुमच्या हातांनी घाला की तिच्या कानांत. सगळ्यांना बघू दे."

बाईंनी घातले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बायकांनी बाईंना मिठ्या मारमारून घुसमटवलं. 'भेट देणाऱ्याचा इथे फार सन्मान होतो,' बाईंनी वहीत लिहिलं.

आज तर पाच घरच्या बायका आल्या होत्या. बाईंना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. थोरल्या भावजयीने त्यांच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, मेंढीच्या काळजाचा तुकडा शेपटीच्या चरबीत गुंडाळला आणि म्हणाली, "आ करा!"

बाईंनी आ केला. दुसरा घास आला, तोही खाल्ला. हनुवटीवरून तेल ओघळलं तशा बायका खिदळल्या, बाईही खिदळल्या. निरोपाचं जेवण असावं तर असं, त्यांना वाटलं.

कालमुरातने कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा उचलला. "विहीणबाई! आता माघार नाही हं. आमच्या हातचं काळीज आणि चरबी खाल्लीत. आता आपली सोयरीक मेल्यावरच तुटायची!"

बाईंनी घास गिळला. "विहीण? कोणाची?"

"ऐका! कोणाची म्हणे!" कालमुरात मांडीवर थापा मारत हसला. "मुलगी स्वतः डूल घालते तो दागिना. मुलाची आई चारचौघांत घालते ती मागणी. हे तर आमचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि वर्षभर याकूबचा फोटो कोण दाखवत होतं? 'अशी सून मिळाली तर सोन्याहून पिवळं' कोण म्हणालं? मी?"

बाईच म्हणाल्या होत्या. त्यांच्या मुलाचं नाव योकुबास, गावाने त्याचा याकूब केला होता. तो तिकडे विल्नियसमध्ये एका मुलीबरोबर संसार थाटून बसला होता आणि या गावाचं नावही त्याला धड घेता येत नव्हतं. तीनशे पानं लिहिली, आणि नेमकी हीच रीत त्यात नव्हती! हे सगळे लोक तोंडघशी पडणार, पोरीची गावभर नाचक्की होणार, आणि हे आपण आपल्या हातांनी केलं. त्या कशाबशा उठल्या आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आल्या.

हातावर पाणी ओतायला पेरिझात तांब्या घेऊन आलीच. कानांत डूल लखलखत होते.

"पेरिझात, मला माहीत नव्हतं गं. मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना."

"नका सांगू बाई." पोरीचं तांब्याकडे लक्षच नव्हतं, पाणी बाईंच्या बाहीवर सांडत होतं. "गुरुवारी नदीपलीकडची माणसं डूल घेऊन येणार होती. बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. त्या घरात सुनेला शिकवत नाहीत. तुम्ही घातलेत हे कळलं आणि ते आलेच नाहीत. आज काढलेत तर उद्या त्यांचे चढतील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"घातल्यावर कळलं, आईशप्पथ! मग गप्प बसले." तिने मान खाली घातली. "तुम्हीच म्हणता ना, उत्तर बरोबर येत असेल तर घाईने खोडू नये."

बाई आत आल्या. कालमुरात वाटच बघत होता. "मग, याकूब कधी येतोय? सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या की उरकून टाकू."

"आमच्यात तशी रीत नाही," बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आमच्यात सुनेने आधी शिकायचं असतं. चार वर्षं. तोवर मुलाने तिचं तोंडही बघायचं नाही. आणि शिक्षण अर्धवट सोडलं तर डूल परत." हे सगळं आपल्याच तोंडून बाहेर पडतंय यावर त्यांचा विश्वास बसेना. तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना शून्य देणारी बाई!

कालमुरातने थोरल्या भावाकडे पाहिलं. थोरल्याने दाढीवरून हात फिरवला. "रीत म्हणजे रीत. बाईंनी वर्षभर आपल्या पाळल्या, आता त्यांची एक आपण पाळू."

"मग जाईल पोरगी बिश्केकला!" कालमुरात गरजला. "मी स्वतः नेऊन सोडतो. सोयऱ्यांच्या रीतीला बट्टा नको."

संपलं. वर्षभर घसा कोरडा करून जे झालं नाही ते एका थापेने झालं. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती लाजच. त्या माणसाने किती भाबडेपणाने विश्वास ठेवला! सगळ्यांनी तळवे वर धरले, थोरल्याने दोन्ही घरांना आशीर्वाद दिला, आणि 'ओमीन' म्हणत बाईंनीही चेहऱ्यावरून हात फिरवले.

गाडीपर्यंत पोचवायला बुरुलचा एकटीच आली. बोरसोकचं, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं गाठोडं तिने बाईंच्या मांडीवर ठेवलं.

बाईंना राहवेना. "बुरुलचा, ती रीत... आमच्यात तसं काही..."

"नाहीये. ठाऊक आहे मला."

बाईंनी गाठोडं बाजूला ठेवलं.

"डबी नको, हातांनी घाला, असं मी उगाच म्हटलं होतं का?" बुरुलचाने मागे घराकडे एकदा पाहून घेतलं. "मला सतराव्या वर्षी घातले होते. आवडतात का, असं कोणी विचारलं नाही. चार वर्षांनी हो की नाही ते ती स्वतःच्या तोंडाने बोलेल. बोलणी मी खाईन, तुम्ही काळजी करू नका."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बुरुलचाने दार लावलं आणि खिडकीशी वाकली.

"पुरतील ना हो तिला चार वर्षं, विहीणबाई?"