राखेतली ऊब

केरूने दुधाची चरवी तिरकी केली, तोच काळुरामने त्याचं मनगट धरलं.

"थांब. गरम हाय अजून."

गरम असते म्हणूनच दूध शिंपडून राख थंड करायची आणि मग अस्थी गोळा करायच्या, हे का काळुरामला ठाऊक नव्हतं? पण आजच्या दिवशी धाकट्या भावाने थोरल्याला काय शिकवावं! केरूने चरवी पुन्हा सरळ धरली.

काळुराम उकिडवा बसला होता, तळवा राखेत रोवून. कालच त्याने इथे हितेशला अग्नी दिला होता. रोह्याच्या कॉलेजातून बाईकवर पेणला येताना पोराला ट्रकने उडवलं. मागे उभी होती ती हितेशची बायको, नम्रता. बाईमाणूस स्मशानात येणार म्हणून भावकीने नाकं मुरडली, तरी सासऱ्याने तिला हाताला धरून आणलं होतं. कशासाठी, ते तिला आत्ता कळलं.

"सूनबाय, हितेश सांगायचा, जगातलं काय बी नायसं व्हत नाय. वस्तूची ऊब व्हते, उबेची वस्तू. तू बी तेच शिकवतेस ना? मंग ही ऊब त्याचीच ना?"

नम्रता नि हितेश, दोघंही फिजिक्स शिकवणारे, आणि याच वाक्यावरून तिने नवऱ्याला किती छळलं होतं. बाबांना असं अर्धवट सांगू नकोस, म्हणायची. उभा जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला आणखी कसं सांगू, म्हणून तो हसायचा. आता त्याच्या अर्धवटपणाचं उत्तर द्यायला तीच उरली होती.

ऊब बहुतेक लाकडांची होती. हितेश बराचसा धूर होऊन कालच खाडीवरून निघून गेला होता. त्याच्यातलं खरोखर ऊब झालेलं इतकं थोडं, की कुठल्याच तराजूला ते सापडलं नसतं. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण या म्हाताऱ्याशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"थोडी त्याची हाय, बाबा. बाकी लाकडांची."

"थोडी म्हंजे केवढी?"

"मिठाच्या एका कणाएवढी. तेवढीपण नाय."

काळुरामने राखेची चिमूट बोटांत चोळली. ज्याने आयुष्यभर मिठाच्या राशी ओढल्या, त्याला कण म्हणजे केवढा ते सांगावं लागत नव्हतं.

"पण व्हता ना तेवढा," तो म्हणाला. तळवा पुसून उठला आणि केरूला मान हलवून खूण केली.

केरू पुढे झाला आणि थबकला. राखेत आता नम्रताचा हात होता, मनगटापर्यंत. केरूने तिला हाक मारली. मग काळुरामने खांद्यावर हात ठेवून समजावलं, की बाय, तूच तर आत्ता सांगितलंस.

"लाकडांची असली म्हणून काय झालं," ती म्हणाली. "राहू द्या जरा."