कशी झोपवली होती

"इथं नाही, आणखी भिंतीकडे," नवरा म्हणाला. बायकोने पलंगावर ठेवलेली बाहुली पुन्हा उचलली.

बाहुली सिस्टरने आणली होती. कापडाची, आत वाळू भरलेली, तान्ह्या बाळाएवढी जड. धडधाकट बाळ झोपेतच जातं आणि शवविच्छेदनातही काही सापडत नाही, अशा घरी सिस्टर ही बाहुली घेऊन जायची. बाळ कसं झोपवलं, कसं सापडलं, ते आईबापांनी तिच्यावर दाखवायचं. त्यावरून ते मूल कोणत्या रकान्यात मोजायचं हे ठरायचं: श्वास कोंडून, की कारण अज्ञात. ऑफिसात तिच्या कामाला चेष्टेने 'भातुकली' म्हणत. इतक्या वर्षांत तीही त्यावर हसायला शिकली होती.

"मी इकडे, हे तिकडे, मध्ये ती," आई म्हणाली. "पाजता पाजता माझा डोळा लागला."

"आणि सकाळी?"

आईने बाहुली कुशीवर वळवली, तोंड स्वतःच्या उशीकडे. उशी थोडी मागे सरकवली. मग परत पुढे घेतली. तिचा हात तिथेच अडला.

"नाक टेकलं होतं का, नाही आठवत हो. मी आधी तिला उचललं."

"शेजारी तू होतीस. तुला नाही तर कुणाला आठवणार?" नवरा म्हणाला.

सिस्टरने फॉर्म पुढे ओढला. टेकलं होतं असं लिहिलं, तर ही बाई या घरात जन्मभर लेकीची मारेकरी ठरणार. टेकलं नव्हतं असं लिहिलं, तर आकडा खोटा. आणि बाळाला कसं झोपवायचं हे नव्या आयांना त्या आकड्यांवरूनच सांगतात.

"काय लिहिणार तुम्ही?" आईने विचारलं.

"निश्चित सांगता येत नाही, असं. तोही एक रकाना आहे."

"म्हणजे माझ्यामुळे नाही ना?"

'नाही' हा शब्द सिस्टरच्या अगदी ओठांवर आला होता.

"ते कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली. "मलाही नाही, आणि यांनाही नाही."

नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

काम संपलं होतं. सिस्टरने नेहमीसारखी बाहुली दंडाला धरून उचलली आणि पिशवीत कोंबू लागली.

"सिस्टर," आई घाईने पुढे आली. "मान धरा तिची."

सिस्टरने मानेखाली हात घेतला. रिकामी पिशवी काखोटीला मारली, बाहुली खांद्याशी धरली आणि ती तशीच जिना उतरली.