उलट्या आठाचं इंजिन

धाकट्या भावाने पितळी पाटी टेबलावर आपटली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीवर कोरलं होतं 'वनराज'. तीही दुसऱ्याच दुकानातून कोरून आणलेली! सख्खी बहीण ढालींवर नि चषकांवर नावं कोरून पोट भरते, हे याच्या गावीही नव्हतं.

"ही तुझ्या छोट्या इंजिनाच्या चाकाच्या वर चिकटव," तो म्हणाला. "उद्या बाबांना ऐंशी पूर्ण होतायत. माझे साहेब येणार आहेत. बिननावाचं इंजिन काय दाखवायचं त्यांना?"

"बाबा चालवायचे त्या इंजिनाला नाव नव्हतं. रेल्वेच्या यार्डात डबे ढकलायचं ते. त्याला कोण नाव देतंय?"

"पण कुणाला कळणार आहे, ताई?"

कुणाला कळणार आहे! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांची नजर गेली होती. आता ते बोटांनीच बघत. त्यांच्या बोटांना त्यांचं इंजिन सापडावं, एवढ्यासाठी तिने हे हातभर लांब मॉडेल आणलं होतं. जात तीच, पण नंबर भलताच. स्पिरिटचा बोळा फिरवून, दातकोरणीने हलके हलके खरवडून तिने तो उतरवला होता. मग पितळेच्या पत्र्यातून तीनशे पंच्याऐंशीचे इंग्रजी आकडे कापले आणि इंजिनाच्या डाव्या बाजूचा आठ मुद्दाम उलटा बसवला. मोठं पोट वर, लहान खाली. कारण खऱ्या इंजिनावर कुणा महाभागाने तो तसाच बसवला होता आणि शेवटपर्यंत कुणी सरळ केला नव्हता. बाबांनी हा किस्सा सांगून सांगून घरच्यांचे कान किटवले होते.

"पाटी लागणार नाही," ती म्हणाली. "आणि आता चालता हो."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत इंजिन बाबांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा चाकाच्या वर 'वनराज' झळकत होता. हिची पाठ वळताच पठ्ठ्याने काम उरकलं होतं. गोंदाचे ओघळसुद्धा पुसले नव्हते! ताईने दात आवळले.

बाबांचं बोट आकड्यांवर आलं. तीन. मग आठ. तिथे ते थांबलं, पुन्हा फिरलं, आणि बाबा खुदकन हसले. "उलटा आहे! माझंच आहे हे!"

ताईचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. बोट पुढे सरकून पाटीवर अडखळलं.

"हे काय?"

"नाव, बाबा. वनराज," भाऊ साहेबांकडे बघत म्हणाला.

"कुणाचं इंजिन आणलंत हे?" बाबांचा चेहरा पडला.

ताईचा संयम संपला. सगळ्यांसमोर तिने पाटी उचकटली. तिच्याबरोबर रंगाचा टवकाही निघाला. "तुमचंच आहे, बाबा. या शहाण्याने नाव चिकटवलं. मी सांगत होते, नाव नव्हतं म्हणून!"

"नव्हतं?" बाबा आता तिच्यावरच कडाडले. "तुला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून? रोज सकाळी मी स्वतः लिहायचो, समोरच्या, धुराड्याखालच्या गोल दारावर, खडूने. धुतलं की जायचं. की मी पुन्हा लिहायचो."

"काय लिहायचात?"

"रडूबाई."

भाऊ फिसकन हसला. ताईचे कान तापले. याच नावाने घरादाराने तिला लहानपणभर पिडलं होतं. त्यापायी ती किती वेळा जेवणावर रुसली होती!

"माझी चेष्टा यार्डभर केलीत?"

"चेष्टा कसली? तू नुकती झाली होतीस. रात्रभर रडायचीस, आणि मी कामावर गेलो की तुझाच आवाज कानात. खरं नाव अजून ठरलं नव्हतं. घरात ज्या नावाने हाक मारायचो, तेच लिहिलं."

"आणि हे मला आज सांगताय?" ती ओरडली खरी, पण आवाज मध्येच फाटला.

बाबांनी इंजिन तिच्यापुढे धरलं. गोल दार तिच्याकडे होतं.

"आधी खडू आण," ते म्हणाले. "रडायचं ते मग रड."